शेगडी आणि चिंचोका

माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ याने चार वर्षं आपल्या एकुलत्या एका लेकराबद्दल बोलताना कधी 'आला' म्हटलं नाही आणि कधी 'आली'ही म्हटलं नाही. तो 'आलं' म्हणायचा. बाळ आलं. बाळ जेवलं. बाळ ड्यूटीवर गेलं. मराठीत तिसरं लिंग कशासाठी ठेवलंय, हे व्याकरणाच्या मास्तरांना विचारू नका, माझ्या भावाला विचारा.

त्याला तशी सोयही होती. आमच्या घरात त्या लेकराला जन्मल्यापासून सगळे बाळच म्हणत आले. शाळेत घातलेलं नाव शाळेत राहिलं. इंजिनियरिंग झाल्यावर बाळानं एक दिवस जेवणं झाल्यावर आई-बापाला आणि मला समोर बसवून सांगितलं, की मी मुलगा नाही, मुलगी आहे, लहानपणापासून आहे, आणि आता तसंच जगणार आहे. माझ्या भावजयीनं, नंदानं, आधी पोटभर रडून घेतलं आणि मग कपाटातल्या ठेवणीतल्या साड्या काढून तिच्या पुढ्यात टाकल्या. मल्लिनाथ मात्र हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तो नपुंसकलिंगात जाऊन बसला.

मी रत्नप्रभा शेटे. बार्शी डेपोची कंडक्टर होते. आता बसचं दारच माणूस ओळखून तिकीट कापतं, तेव्हा आमची जात संपली. पण गाडीभर ऐकू जाईल असा आवाज अजून शिल्लक आहे. लग्न केलं नाही. भावाच्या घराला लागूनच माझ्या दोन खोल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं.

भाचीनं नवं नाव घेतलं नव्हतं. "नाव आत्या ठेवती," ती म्हणायची. "मी कशाला माझं मीच ठेवू?" मी म्हणायचे, "नाव बारशाला ठेवतात आणि बारसं बाळंतपणानंतर असतंय. आधी नीट जन्माला ये, मग बघू." ही थट्टा होती. पण आमच्या घरात थट्टा कोण कधी खरी धरून बसेल याचा नेम नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

भाचीची नोकरी येरमाळ्याच्या डोंगरावर, पवनचक्क्यांवर. त्या चक्क्यांची पाती बिघडली, की आत शिडीनं चढून वर जायचं, दोरावर लोंबकळायचं आणि दुरुस्त करायचं. यंत्रमानव आले, ड्रोन आले, तरी शेवटी वाऱ्यात हात घालायला माणूसच लागतं. त्या डोंगरावर अशी चढणारी बाई तीच पहिली. मी हे भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगितलंय, तुम्हालाही सांगते.

आता चिंचोक्याविषयी.

तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली एक कुपी बसवलेली आहे. आकार चिंचोक्याएवढा, म्हणून घरात तिला चिंचोकाच म्हणतात. तिला दोन खण. पहिल्या खणातलं औषध शरीरात तयार होणाऱ्या पुरुषी हार्मोनला अडवायचं. दुसऱ्या खणातून स्त्री-हार्मोन थोडं थोडं सुटायचं. पूर्वी यासाठी गोळ्या, सुया, चिकटपट्ट्या असत. मग रक्त तपासा, डोस बदला, पुन्हा तपासा. चिंचोका दिवसभर स्वतःच अंगातलं प्रमाण मोजत राहतो आणि त्या मापानं औषध सोडतो. काही बिनसलं, तर फोनवर कळवतो.

चिंचोका गुणी, पण पहिल्या खणातलं औषध द्वाड. त्यानं रक्तदाब उतरायचा, रक्तातलं पोटॅशियम वाढायचं आणि लघवी सारखी लागायची. जमिनीवर नोकरी असती तर निभलं असतं. पण शेकडो पायऱ्या चढून वर गेल्यावर परत खाली यायचं म्हणजे अर्धा दिवस त्यातच जायचा. शिवाय एकदा वर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ती दोराला बांधलेली होती म्हणून बचावली. तेव्हा तिनं ठरवलं, की वृषण काढून टाकायचे. पुरुषी हार्मोन बनवणारी ग्रंथीच नसली, तर अडवणारं औषध हवंच कशाला?

सोलापूरच्या डॉक्टर फरीदा बागवान तिला पहिल्यापासून बघत होत्या. त्यांच्याकडे आम्ही चौघं गेलो.

"ऑपरेशन छोटं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळी या, संध्याकाळी घरी जा. पण त्याच्या आधी आणि नंतर काय, ते सगळ्यांनी ऐकून घ्या. आधी मुलांचं. हे एकदा काढलं की बीज तयार होणार नाही. साठवून ठेवायचं असेल तर चिंचोका काही महिने बंद ठेवावा लागेल, म्हणजे शरीर पुन्हा ते बनवायला लागेल. तरी खात्री नाही."

भाची म्हणाली, "बंद न्हाय ठेवायचा. ते महिने मी पुन्हा काढू शकणार न्हाय. मूल हवं वाटलं तर दत्तक घेईन."

नंदानं डोळे पुसले आणि मान डोलावली. मल्लिनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाळाला जे पटंल ते." बाळाला! वाक्य असं बेतलेलं, की लिंग कुठं सापडूच नये.

"आता नंतरचं," डॉक्टर म्हणाल्या. "पहिला खण कायमचा बंद. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थोडं पुरुषी हार्मोन बनवतात, पण तेवढं तुमच्या-माझ्या अंगातही असतं. अडवायला काही उरलं नाही, म्हणून दुसऱ्या खणाचा जोरही थोडा कमी करू. पण तो खण कधीही बंद पडता कामा नये. आजवर तो बंद पडला असता तर हिचं शरीर आपलं जुनं हार्मोन बनवायला लागलं असतं. नको असलेलं, पण काहीतरी असतं. आता काहीच नसेल. शरीराला दोन्हींपैकी एक हार्मोन लागतंच, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. आणि ही तर चढणारी मुलगी."

मी विचारलं, "ऑपरेशनच्या आधी हार्मोन बंद ठेवायचं असतं म्हणे?"

"पूर्वी ठेवायचे, रक्तात गुठळी होईल म्हणून. चिंचोका इतकं हळू सोडतो, की गरज पडत नाही. फक्त ताप आला आणि माणूस हालचाल न करता पडून राहिलं, तर गुठळीची भीती वाढते. तसं दिसलं की चिंचोका स्वतःहून थांबतो आणि फोनवर विचारतो. तेव्हा फोन जवळ ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून चाला."

हे आम्ही चौघांनी ऐकलं. नंदानंही ऐकलं, याला मी साक्ष आहे.

ऑपरेशन झकास झालं. संध्याकाळी गाडीतून उतरतानाच भाची हसत होती. दारात नंदा भाकरतुकडा ओवाळायला उभी होती, आणि आत पाहते तो काय, मधल्या खोलीत बाज टाकलेली, खिडकीला जाड पडदा, बाजेखाली शेगडी. आमच्या थोरल्या मावशीच्या काळातली, लोखंडी, निखाऱ्यांची.

"हे काय गं नंदा?"

"वन्सं, तुम्हीच म्हणाला होता की, बारसं बाळंतपणानंतर. मग बाळंतपण नको का करायला? माझं लेकरू नव्यानं जन्माला आलंय."

"अगं, पण यात बाळ कोण आणि बाळंतीण कोण?"

"दोन्ही तीच," नंदा म्हणाली, आणि पदर खोचून निखारे फुंकायला बसली.

पहिलटकरणीचं माहेरी होत नाही असं बाळंतपण नंदानं मांडलं होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल, ऊन पाणी, डोक्याला घट्ट फडकं आणि दोन्ही वेळा शेक. बाजेवरून उठायचं नाही, वारं लागेल. वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, डोळे अधू होतात. फोन नंदानं उचलून देवघरातल्या कपाटात ठेवला. भाचीला म्हटलं, "डॉक्टर चालायला सांगितल्यात ना गं?" तर ती लाडू खात म्हणाली, "राहू दे गं आत्या. आई इतकं करायलीय. मला कोण एवढं कधी करणार परत?"

बारसं बाराव्या दिवशी ठरलं. गल्लीतल्या बायकांना निरोप गेले. मल्लिनाथ येता-जाता दारातून डोकवायचा आणि नंदाला विचारायचा, "बाळ झोपलं का?"

पुढच्या आठवड्यात भाची कोमेजायला लागली. जेवण जाईना, झोप लागेना. सांधे दुखतात म्हणायची. नंदाला वाटलं, शेक कमी पडतोय. तिनं निखारे वाढवले.

एका दुपारी मी गेले तर भाची बाजेवर बसलेली, चेहरा लालबुंद, केस ओले चिंब, पातळ पाठीला चिकटलेलं. शेगडीत तेव्हा नुसती राख होती. ती रडत होती. ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेली पोर हमसून हमसून रडत होती.

"आत्या, माझं चुकलं का गं? अंगात कुणी जाळ लावल्यासारखं होतंय, मग एकदम थंडी वाजती. उगंच रडू येतंय. मी चुकीचं केलं का? आता तर मागं पण जाता येत न्हाय."

मल्लिनाथ दारात उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नंदा मीठ-मिरच्या उतरवायला धावली.

मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. तो लाल चेहरा, तो घाम, ती हुडहुडी, ते उगीचचं रडू. हे मी ओळखत होते! पन्नाशीत बार्शी-तुळजापूर गाडीत ऐन थंडीत मला असा जाळ उठायचा. प्रवासी कानटोप्या घालून बसलेले आणि मी खिडक्या उघडत सुटायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं त्यावरून माझी तक्रारही केली होती.

"नंदा, मिरच्या ठेव!" मी गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. "अगं, हे पाळी जातानाचं हाय! माझं झालं, तुझं झालं, तेच हाय हे! हिच्या अंगातलं हार्मोन आटलंय! फोन कुठाय तिचा?"

कपाटातून फोन निघाला. चार्जिंग संपलेलं. वायर लावल्यावर तो जागा झाला आणि त्यानं चिंचोक्याचे निरोप धडाधड ओतले. ताप आहे. हालचाल नाही. दुसरा खण थांबवला आहे, कृपया उत्तर द्या. ताप आहे. कृपया उत्तर द्या. पहिला निरोप घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवसाचा होता.

मल्लिनाथनं तो फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकर चालू करून दवाखान्याच्या मदतकेंद्राला लावला. तिथं पहिल्यांदा यंत्र बोलतं. बाईच्या आवाजात, पुस्तकी मराठीत.

"नमस्कार. आपला त्रास सांगा."

"आमच्या बाळाला बरं न्हाय. घाम फुटलाय."

"समजलं. बाळाचं वय किती महिने आहे?"

"महिने न्हाय वो! एकोणतीस वर्षांचं हाय!"

"क्षमस्व, ते नीट समजलं नाही. मी आपल्याला बालरोग विभागाकडे जोडते. दरम्यान कृपया सांगा, बाळ दूध घेत आहे का?"

"दूध न्हाय! लाडू खाल्लेत! बाळ मोठं हाय!"

"बाळाला लाडू देऊ नका. बाळ रडत आहे का?"

"रडायलंय की!"

"बाळाला उभं धरून पाठीवर हळुवार थोपटा. ढेकर निघेल."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण बाजेवर भाची गुडघ्यांत तोंड घालून बसली होती, आणि ते यंत्र माझ्या भावाचीच भाषा त्याला परत ऐकवत होतं. त्यानं एकदा भाचीकडे पाहिलं. मग त्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"अगं बाई, बाळ न्हाय ती! मुलगी हाय माझी! तरणीताठी मुलगी! पवनचक्कीवर चढती ती! तिचं ऑपरेशन झालंय, तिचा चिंचोका बंद पडलाय, ती रडायलीय! तिच्या डॉक्टरीणबाईला बोलव, न्हायतर मी तिला घेऊन तिथं येतो!"

"समजलं," यंत्र म्हणालं. "आपली मुलगी. डॉक्टर बागवान यांच्याकडे जोडते."

भाचीनं गुडघ्यांतून मान वर काढली होती. ती बापाकडे टक लावून बघत होती. मल्लिनाथला आपण काय बोललो ते उशिरा उमगलं असावं. त्यानं फोन हातात तसाच धरून दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. नंदा मुठीतल्या मिरच्यांसकट खाली बसली आणि रडायला लागली.

डॉक्टर बागवानांनी शांतपणे विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

"ताप न्हायच," नंदा म्हणाली. "अंग गरम हाय, पण ते शेकाचं."

"शेक कसला?"

नंदानं सांगितलं. मग डॉक्टर हसल्या, अगदी मोकळ्या, आणि लगेच गंभीर झाल्या.

"अहो, चिंचोका दंडात आहे. खालून निखाऱ्याची धग, वरून पोरगी हलत नाही. त्याला वाटलं ताप चढलाय आणि ही पडून आहे. गुठळीच्या भीतीनं त्यानं खण बंद केला. त्याचं एका अर्थी बरोबर आहे. पण चिंचोक्याची ही रीत ज्यांनी बसवली, त्यांनी गृहीत धरलं होतं, की माणसाच्या अंगात स्वतःचं काही ना काही हार्मोन असेलच. घरात विहीर असली तर नळ चार दिवस गेला तरी भागतं. हिची विहीर आपण बुजवली, आणि नळ बंद पडला. ही आमचीही चूक आहे. शेगडीचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही."

"मग ऑपरेशन चुकलं का?" भाचीनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"अजिबात नाही. आधी पायाच्या पोटऱ्या दाबून बघ. सूज आहे? एकाच बाजूला दुखतंय? दम लागतोय?"

काहीच नव्हतं.

"मग घाबरू नकोस. हार्मोन नाही म्हणून असं होतंय, तुझ्या निर्णयामुळे नाही. मी औषधाच्या दुकानाला कळवते. तिथून हार्मोनचं जेल आणा, सांगेन तेवढं कातडीला लावा. सकाळी इकडे या, मी तपासून खण उघडते. शेगडी विझवा, पडदा काढा, हिला अंगणात चालवा. लाडू मात्र चालू ठेवा. अळीव, डिंक, खारीक हाडांना चांगलंच."

लाडू चालू ठेवा म्हटल्यावर नंदाच्या जिवात जीव आला.

शेगडी मल्लिनाथनंच उचलून परसात नेली. मग तो आत आला आणि त्यानं भाचीपुढे हात केला. दोघं अंगणात चालायला लागली, तुळशीपासून फाटकापर्यंत आणि परत. मी ओट्यावर बसून पाहत होते. मग भाची म्हणाली, "आप्पा, बालरोग विभागाला जोडलं असतं तर बरं झालं असतं. ढेकर तरी निघाला असता." आणि माझा भाऊ, जो चार वर्षं तिच्यापुढं मोकळा हसला नव्हता, तो फाटकाला टेकून हसला.

बारसं बाराव्या दिवशी हुकलं, ते पुढच्या पौर्णिमेला केलं. तोवर तिच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. पाळण्याऐवजी ओसरीवरचा झोपाळा झेंडूनं सजवला. एकोणतीस वर्षांची बाई हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसलेली, आणि भोवती गल्लीतल्या बायका घुगऱ्या खात. दोघीतिघी आल्या नाहीत. न आलेल्यांच्या घुगऱ्या मी खाल्ल्या.

नाव मी बरेच दिवस शोधत होते. अट एकच होती. नाव असं हवं, की त्यापुढं माझ्या भावाला पुन्हा कधी 'आलं' म्हणता येऊ नये. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत दणादण धपाटे घातले. शेजारच्या शकुंतलानं जरा जास्तच जोरात घातले.

"नीरा," मी जाहीर केलं. "आमची गाडी अकलूजवरून जायची, तेव्हा नीरा नदीच्या पुलावर मी खिडकीशी उभी राहायचे. पाणी बघून डोळे निवायचे."

"नीरा?" मल्लिनाथ म्हणाला. "आक्का, ती स्टँडावर ग्लासात मिळती ती?"

"तीच. थंडगार. बघ, 'मिळती' म्हणालास."

सगळ्या हसल्या. मल्लिनाथही लाजून हसला. नीरा झोपाळ्यावरून उतरून आधी आईच्या पाया पडली, मग माझ्या, मग बापाच्या. त्यानं तिला मध्येच उचलून धरलं.

डॉक्टर बागवानांनी कुपी बनवणाऱ्यांना सगळी हकिगत कळवली. आता वृषण काढलेल्या माणसाचा दुसरा खण पूर्ण बंद होत नाही; भीती वाटली तर चिंचोका नुसता हात आखडता घेतो, आणि फोन उचलला नाही तर घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावतो. हात आखडता घेण्याआधी तो एक प्रश्नही विचारतो: जवळपास शेगडी, हीटर किंवा चूल आहे का? हा प्रश्न आता ज्या ज्या भाषांत चिंचोका बोलतो त्या सगळ्यांत विचारला जातो. जगात कुठं कुठं लोक तो वाचत असतील आणि त्यांना ठाऊकही नसेल, की हे बार्शीच्या नंदा शेट्यांचं काम आहे. नंदाला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांना लाडवाचं पण विचारायला सांगा."

हाडांची तपासणी झाली, रक्तदाब ठीक आला, आणि पावसाळा सरल्यावर नीराला पुन्हा वर चढायची परवानगी मिळाली. त्या दिवशी मल्लिनाथनं आपलं किराणा दुकान बंद ठेवलं. आम्ही दोघं डबा घेऊन येरमाळ्याच्या डोंगरावर गेलो. नीरानं पट्टे आवळले, टोपी घातली, आमच्याकडे बघून हात हलवला आणि चक्कीच्या दारातून आत शिरली. आम्ही माना वर करून उभे. बऱ्याच वेळानं अगदी वर, पात्याच्या मुळाशी, एक नारिंगी ठिपका बाहेर आला. माझी छाती गर्वानं एवढी फुगली, की ब्लाउजाचा हूक तुटतोय की काय असं वाटलं.

तेवढ्यात मल्लिनाथचा फोन वाजला. मदतकेंद्राचं यंत्र होतं. आजाऱ्यांची विचारपूस करायला ते अधूनमधून फोन करतं, आणि त्याच्या नोंदीत तो पहिला शब्द कुठंतरी चिकटून राहिला होता.

"नमस्कार. आपल्या बाळाची तब्येत आता कशी आहे?"

मल्लिनाथनं डोळ्यांवर हाताची पडवी केली आणि वर पाहिलं.

"बाळ न्हाय," तो म्हणाला. "नीरा. माझी मुलगी. वर चढलीय, काम करायलीय. खाली आली की सांगतो."